मुद्दाम ठेवलेला

मी एक जुना प्रोग्राम आहे. मालवणच्या एका मच्छीमार संस्थेच्या लिनक्स संगणकात राहतो आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांगतो. मित्रांनो, मला वजन नाही, रंग नाही. तरी थोडी जागा अडवतोच.

कुणा अनोळखी माणसाने फावल्या वेळात मला लिहिले आणि जगाला मोफत देऊन टाकले. या संगणकात मात्र मी पाहुण्याबरोबर आलेला पाहुणा. नकाशे दाखवणाऱ्या एका मोठ्या प्रोग्रामला माझी गरज होती, म्हणून मलाही आणले गेले. पुढे नकाशे सगळ्यांच्या मोबाइलवर आले. त्या मोठ्या प्रोग्रामला कुणी विचारेना. माझे काम मात्र चालू राहिले. संस्थेच्या विनीताताई रोज सकाळी माझ्याकडून वेळा घेऊन फळ्यावर लिहीत. वाळूतली होडी भरतीवर अलगद उचलली गेली, की होडीच्या मालकीण नर्मदाकाकी येऊन सांगत, "वेळ अगदी बरोबर इली हां!" कौतुक ताईंचे असे, त्यातले थोडे मी चोरून घेई.

यंदा जुलै सरता सरता डिस्क भरली. ताईंनी आधी नकाशांचा प्रोग्राम काढला. लगेच संगणकाने यादी पुढे केली: आता कुणालाच न लागणारे अठरा प्रोग्राम, काढू का? त्यात मीही होतो. ज्याच्यासाठी मला आणले, तोच गेला होता ना!

ताई घाई करणाऱ्या नव्हत्या. एकेक नाव वाचून, ते शेवटचे कधी वापरले ते त्या पाहत होत्या. माझ्यापाशी थांबल्या. समोर होडीचे कागद घेऊन नर्मदाकाकी बसल्या होत्या.

"ह्या भरतीच्या प्रोग्रामाक दोन म्हयने कोणी हात लावूक नाय, काकी. काढून टाकतंय."

"अगो, दोन म्हयने मासेमारीक बंदी! आमची होडी तरी खंय पाण्यात होती? मगे तीपण मोडीत घालतलंस?"

ताई ओशाळून हसल्या. "चुकलंय गो काकी."

"परवा होडी लोटूची आसा. पाणी कधी भरतला ता कोण सांगतला? तुझो तो बंद पडलेलो प्रिंटर?"

ताईंनी एक ओळ टंकली आणि माझ्या नावापुढे नोंद झाली: मुद्दाम ठेवलेला. एवढे प्रेमाचे मला कुणी काही म्हटले नव्हते. बाकीचे सतरा गेले. त्यांचे काम खरेच संपले होते.

मित्रांनो, संगणक जरूर आवरा. पण एखाद्याला बरेच दिवस हात लागला नसेल, तर त्याचा हंगाम कोणता, तेवढे आधी विचारा.

दोन दिवसांनी फळ्यावर लिहिले गेले: भरती, अकरा वाजून वीस. दुपारी ओल्या पायांनी काकी आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "तरंगली गो!"