नितळ पाणी

पट्टी खोटं सांगत असेल तर किती बरं होईल, असं चिमीला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

ओढ्याच्या काठावर गुडघे टेकून तिने पट्टी पाण्यातून काढली, बाटलीतल्या शुद्ध पाण्याने धुतली, मग ती बाजूला ठेवून डबीतली कोरी पट्टी यंत्राला लावून पाण्यात सोडली. दिवा लावला. पडद्यावरची रेघ क्षणभर आडवी राहिली आणि दूध उतू जावं तशी सरसर वर चढली.

"अजून एक लावून बघते," ती म्हणाली.

"किती लावशील?" प्रयोगशाळेच्या बाई तिच्यामागे उभ्या होत्या. "शुद्ध पाण्यात रेघ आडवीच होती ना? आणि त्या पाइपाच्या वरच्या अंगालाही?"

"होती."

"मग?"

चिमीने पाइपाकडे पाहिलं. काठावरच्या झुडपांतून तो जाड पाइप बाहेर आला होता, आणि त्यातून पडणारं पाणी काचेसारखं नितळ होतं. पाइप कुठून येतो हे बाईंना अजून कळायचं होतं. तिला माहीत होतं. झुडपांमागच्या भिंतीपलीकडे तिच्या दादाचा सूत रंगवायचा कारखाना होता.

ओढ्याच्या खालच्या वस्तीतली माणसं बरेच दिवस तक्रार करत होती. काठच्या विहिरींचं पाणी कडवट लागतं, पोरांच्या तोंडात फोड येतात. तपासणी खात्याने नेहमीच्या सगळ्या चाचण्या केल्या. जंतू नाहीत, क्षार बेताचे, रंग तर नाहीच. पाणी चांगलं आहे, असं सांगून त्यांची बोळवण झाली. तेव्हा बाईंनी आपलं नवं यंत्र बाहेर काढलं.

ते यंत्र म्हणजे चिमीची निम्मी हयात. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा, तडा गेला की पुन्हा पहिल्यापासून. केस पिकायला लागले, तरी घरी तिला सगळे चिमीच म्हणत, आणि तिने लग्न पट्ट्यांशीच लावलंय, असं वहिनी चिडवायची. एकदा जेवताना दादाने विचारलं होतं, "पण तुझी ती पट्टी करते तरी काय?"

"लेपावर उजेड पडला की तो जागा होतो," तिने सांगितलं होतं. "पाण्यात विरघळलेली रसायनं त्याला चिकटली की तिथल्या तिथे जळतात, आणि त्यातून वीज निघते. रसायन जास्त, तर वीज जास्त. डोळ्यांना दिसत नाही ते उजेडाला दिसतं, असं समज."

दादाला हे इतकं आवडलं की येईल त्या गिऱ्हाइकाला तो ऐकवू लागला. "आमची चिमी उजेडाने पाणी वाचते!" स्वतः त्याने शाळा अर्धवट सोडली होती. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो रंगाच्या टाक्यांत उतरला, आणि चिमीला मात्र त्याने कधी त्या टाक्यांच्या जवळ फिरकू दिलं नाही. "तू पुस्तकं बघ," एवढंच म्हणायचा.

संध्याकाळी ती एकटीच कारखान्यात गेली. दादा सुताच्या लडी दोरीवर टाकत होता. तिचा चेहरा बघून त्याने हातातलं काम ठेवलं. तिने सगळं सांगितलं, एका दमात, खालमानेने.

"माझं पाणी?" दादा हसलाच. "अगं, वेडी का तू? गाळायच्या तीन टाक्या बांधल्यात मी. रंगाचा ठिपका जात नाही बाहेर. बाकीचे लाल-निळं सोडतात बिनदिक्कत, त्यांना कोणी विचारत नाही."

"रंग जात नाही, दादा. रंग धरायला जे घालतोस ते जातं. ते गाळून निघत नाही."

"दिसत तर नाही काही!"

"तेच तर..."

"थांब." तो ताडताड शेवटच्या टाकीकडे गेला, खुंटीवरचा पेला बुडवून भरला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "हे बघ. आहे काही? तुझ्या यंत्रापेक्षा माझ्या पोटावर विश्वास ठेव."

त्याने पेला तोंडाला लावला, आणि चिमीने सगळ्या ताकदीनिशी त्याच्या हातावर फटका मारला. पेला फरशीवर आदळून गडगडत गेला. पाणी दोघांच्या पायांवर उडालं. वडिलांच्या जागी असलेल्या माणसावर तिने हात उगारला होता. दारात वहिनी येऊन थिजल्यासारखी उभी राहिली.

दादाने वाकून पेला उचलला.

"खरंच इतकं वाईट आहे?" त्याने अगदी हळू विचारलं.

चिमीने मान डोलावली.

"खालची माणसं पितात ते?"

"हो, दादा."

तो स्टुलावर बसला. "दोन महिने मिळतील? हातातलं काम संपवतो, मग काय ते करू."

तिने नकारार्थी मान हलवली. तो काय ते समजला. "जा," तो म्हणाला, "तुला जे लिहायचंय ते लिही." आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

तिने लिहिलं. पाइप कोणाचा, तेही लिहिलं. नमुने मोठ्या प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी त्या रसायनाचं नावसुद्धा कळवलं. कारखाना बंद करायचा हुकूम निघाला. दाराला लाखेची मोहर लावायच्या दिवशी प्रयोगशाळेचं माणूस हजर असावं लागतं. बाईंनी तिला बाजूला घेतलं. "तू नको जाऊस. मी दुसऱ्याला पाठवते. घरचं आहे, कशाला जिवाला त्रास?"

तिला सुटल्यासारखं वाटलं. ती हो म्हणाली. त्या दिवशी ती भट्टीपाशी लेप देत बसली, आणि भाजलेल्या सगळ्या पट्ट्यांना तडे गेले.

वस्तीत नळाचं पाणी आलं. पोरांची तोंडं बरी झाली, असं बाईंनी आवर्जून सांगितलं. यंत्राचं कौतुक झालं. चिमी मात्र दादाच्या घराकडे जायला धजत नव्हती. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरायची. शेवटी वहिनीचाच फोन आला. "माल हलवायला मोहर काढून दिलीय, टाक्या मोडीत काढल्यात. आज न्यायला येणार आहेत. तू यावंस, असं मला वाटतं. त्यांनी सांगितलेलं नाही हं."

ती गेली. दादा आता दुसऱ्याच्या गोदामात माल मोजायचं काम करत होता. आज रजा काढून आला होता. रिकाम्या कारखान्यात आवाज घुमत होते. तो तिच्याकडे न बघता दोऱ्या सोडत राहिला.

"रागावलायस?" तिने विचारलं.

"लिहिलंस म्हणून? नाही." त्याने गाठ सोडवली, दोरी गुंडाळली. "ते बरोबरच केलंस. पोरं पित होती ते. मला कळायला हवं होतं, मला नाही कळलं." मग जरा थांबून म्हणाला, "पण त्या दिवशी तू यायला हवं होतंस, चिमे. कोण कुठला पोरगा आला, मला 'ए काका, बाजूला व्हा' म्हणाला आणि दाराला मोहर लावून गेला. मी आपला सारखा रस्त्याकडे बघत होतो. वाटलं, तू येशील. तू लावली असतीस तर मी धरला असता तुला लाख वितळवायला दिवा."

मला पाठवलं नाही, असं चिमीला सांगता आलं असतं. ते खरंही होतं आणि खोटंही.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. माल नेणारे मजूर मोठ्या टाकीला भिडले होते. कोपऱ्यात सूत वाळवायचं लांब लाकडी घोडं तेवढं उरलं होतं. दादाने त्याचं एक टोक उचललं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"धर तिकडून," तो म्हणाला.

तिने पदर खोचला आणि दुसरं टोक उचललं. घोडं भलतंच जड होतं. दादा उलट्या पावलांनी चालू लागला, तिच्या पावलांच्या बेताने, सावकाश. दारापाशी पोचल्यावर तो म्हणाला, "जपून, पायरी आहे," आणि ती खाली उतरेपर्यंत सगळा भार आपल्याकडे घेऊन उभा राहिला.