फाटकापुढची पूजा

उमाबाई गेल्या हे कळलं, तेव्हा बसलिंगप्पा दुकानात तूरडाळ तोलत होते. शेजारची वर्षाराणी धापा टाकत दारात आली. "अप्पा, काकू डोळे उघडंनात."

उदगीरजवळच्या त्या गावात लिंगायतांची दफनभूमी आहे. गाळे बांधायचे म्हणून एका पुढाऱ्याने तिला तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. घोषणा देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, तसं गाव गप्प झालं. उमाबाई बायकांना म्हणाल्या, "घोषणा न्हाई द्यायच्या. घरी करतो ती पूजा फाटकापुढं करू. पूजेला कोणतं कलम लावतेत बघू!" तेव्हापासून बायका रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन तिथं बसत. त्यांचे पती बसलिंगप्पा मात्र दुकान सोडून कधी गेले नाहीत.

आज ते तिथं धावले. उमाबाई फाटकाजवळच्या कडुलिंबाला टेकून बसल्या होत्या. तळहात उघडाच होता. चेहऱ्यावर पानांची सावली हलत होती. आता डोळे उघडतील आणि विचारतील, "दुकान कुणावर सोडून आलात?" असं त्यांना वाटत राहिलं.

लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात. दुपारी फुलांच्या विमानात, त्या सजवलेल्या पालखीत, बसलेल्या उमाबाई फाटकापुढं आल्या. कुलूप तसंच होतं.

"तोडा ते!" माणसं ओरडली. बसलिंगप्पांनी दगड उचलला.

म्हाताऱ्या शिवम्मा आडव्या आल्या. "टाक तो."

"अव्वा, माझी बायको बाहेर बसलीय! आता तरी गप ऱ्हाऊ?"

"तिकडं बघ. पुढाऱ्याची पोरं मोबाईल धरून उभी हायेत. तुझ्या दगडाचीच वाट बघायलेत. दगड पडला की आपण दंगलखोर, अन् जागा त्यांची."

"मग करू तरी काय?"

"उमाची पूजा अर्धी राहिली. तू कर. दगड धरून लिंग कसं घेशील?"

बसलिंगप्पांनी दगड खाली ठेवला. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि ते विमानाशेजारी बसले. मग एकेक करून सगळे पुरुष बसले. वारा आला की विमानातली झेंडूची फुलं हलत. बसलिंगप्पांना वाटलं, सारं गाव झोपलंय, आणि जागी आहे ती एकटी उमाच.

बंदोबस्तावरचा हवालदार बराच वेळ बघत होता. शेवटी तो पुढाऱ्याच्या माणसाला म्हणाला, "चावी आण."

"वरून सांगितलं न्हाई, साहेब."

"मग पूजेवर लाठी चालवू का? आण म्हणतो ना!"

आणि फाटक उघडलं!

वाचकहो, जुलूम करणाऱ्याला आपला राग हवा असतो. रागाला कसं मोडायचं, ते त्याला ठाऊक असतं. न भिता, हात न उचलता बसलेल्या माणसांचं काय करायचं, ते त्याला कळत नाही. पण त्यासाठी नुसत्या बायकांना बसवून चालत नाही. सगळ्यांनी बसावं लागतं, आणि वेळेवर बसावं लागतं.

बसलिंगप्पा आता रोज सकाळी तिथं जातात, मग दुकान उघडतात. उमाबाई आत आहेत. कुंपण अजून निघालेलं नाही. गुन्हेही मागे घेतलेले नाहीत.