गव्हाशिवायची भाकर

बुधवारी सकाळी भट्टीकाकांच्या ओट्यावर पाच पाव होते आणि त्यांतला एकही खाण्याजोगा नव्हता. पहिला नुसत्या तांदळाच्या पिठाचा: उंची चार सेंटिमीटर, पाठीवर अकरा भेगा. दुसऱ्यात बटाट्याचं स्टार्च होतं. तो फुगला होता, पण सुरी आत गेली ती गोंदात रुतल्यासारखी तिथंच राहिली. तिसरा मक्याचा, हात लावला की वाळू. चौथा भट्टीत पंधरा मिनिटं जास्त राहिलेला; काकूंनी तो ओट्यावर आपटून पाहिला, तेव्हा आवाज ओट्याचा आला. पाचवा दिसायला राजबिंडा, पण कापल्यावर आत मूठ मावेल एवढी पोकळी.

"हा त्यातल्या त्यात बरा," काकू म्हणाल्या. "किल्ल्या ठेवायला होईल."

"अगं, हसतेस काय? रविवार चार दिवसांवर आलाय."

"मी कुठं हसतेय? तुमचे पाव हसवतायत."

अडतीस वर्षं बेकरी चालवून काकांनी ती विकली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गेली बावीस वर्षं चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर तेच करत. बाहेर कुणीही तिला पाव म्हटलं असतं. चर्चमध्ये ती भाकर. महिन्याच्या पहिल्या रविवारी, गव्हाची, गोल, नऊशे ग्रॅमची. देवाबद्दल काकांना अधूनमधून शंका यायच्या आणि या चर्चमध्ये त्या उघड बोलून दाखवायला कुणाची ना नव्हती. खमिराबद्दल मात्र त्यांना कधी शंका आली नव्हती.

हे सगळं सुरू झालं ते गेल्या रविवारी, उपासना संपल्यावर खुर्च्यांच्या घड्या घालताना. आठ महिन्यांपासून चर्चमध्ये एक जोडपं येत होतं. त्यातला एक बस चालवायचा, सहा फूट उंच, हसला की शेवटच्या रांगेपर्यंत कळायचं. दुसरा शिवणकाम करायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. दोघांनी एकत्र संसार थाटून तेरा वर्षं झाली होती. त्याच कारणावरून ड्रायव्हरला आधीच्या चर्चने बारा वर्षं प्रभुभोजनाची भाकर दिली नव्हती. तो रांगेत उभा राहायचा, आणि ताट त्याच्यासमोरून पुढं सरकायचं.

या मंडळीत तसं काही नव्हतं. येत्या रविवारी दोघांना सभासद करून घ्यायचं होतं. इथली रीत अशी की नवा सभासद त्या दिवशी सगळ्यांसाठी भाकर मोडतो, पहिला तुकडा स्वतः खातो आणि मग ताट फिरतं. भाकर एकच असते. माणसं कितीही असोत, दुसरी आणायची नाही.

अडचण एवढीच की ड्रायव्हरला सीलिअ‍ॅक नावाचा आजार होता. गव्हाचा कण पोटात गेला की दोन-तीन दिवस तो आडवा. म्हणून आठ महिने त्याच्यासाठी एका छोट्या डबीत तांदळाचं बिस्किट वेगळं ठेवलं जायचं.

"मी मोडीन की भाकर," खुर्ची भिंतीला टेकवत तो म्हणाला होता. "हात धुईन आणि डबीतलं खाईन. मला काय, सवय आहे. तेव्हा माणसं देत नव्हती, आता पोट घेत नाही."

सगळे हसले. तोही हसला. भट्टीकाका हसले नाहीत. घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता ते म्हणाले, "डबी बंद. भाकरच बदलायची."

"गव्हाशिवाय तुम्हाला काय येतं हो?" काकूंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता.

बुधवारी दुपारी पाळकबाई आल्या. धर्मशिक्षण घेण्याआधी त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत, आणि अजूनही काही बिघडलं की आधी चष्मा लावून जवळून बघत. त्यांनी पाचही पाव दाबून पाहिले.

"काका, गव्हात चिकटपणा असतो, तो हवा धरून ठेवतो. तुमच्याकडे हवा आहे, पण धरायला कुणी नाही. इसबगोल घालून बघा."

"इसबगोल? ते पोट साफ व्हायला घेतात!"

"पाण्यात भिजलं की ते खळीसारखं होतं. आपल्याला तेच हवंय."

"बाई, प्रभूच्या मेजावर इसबगोल ठेवू?"

"त्या मेजावर तुम्ही-आम्ही चालतो," पाळकबाई म्हणाल्या, "मग इसबगोलाचं काय घेऊन बसलात?"

सहावा पाव गुरुवारी झाला. तो वाकडा होता, पण पाव होता. शुक्रवारचा सातवा कापल्यावर काकूंनी तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि काही न बोलता दुसरा घेतला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यामुळे याचा अर्थ काकांना कळला.

शनिवारी दुपारी त्यांनी खरी भाकर करायला घेतली. तांदळाचं पीठ, बटाट्याचं स्टार्च, इसबगोल, सगळं तोलून. पीठ फुगलं. ते पाटावर काढून गोल केलं, भट्टीत ठेवलं. पंचावन्न मिनिटांनी जी भाकर बाहेर आली, तिच्याकडे ते दोन पावलं मागं सरून बघत राहिले. मग थंड व्हायला म्हणून उलटी केली, तर तळाला पांढरी पिठी दिसली.

काकांनी पाटाकडे पाहिलं. पाटाच्या डाव्या हाताला पत्र्याचा डबा होता, झाकण उघडं. गव्हाचं पीठ. अडतीस वर्षं आणि वर बावीस, गोळा पाटावर टाकण्याआधी त्यांचा डावा हात त्या डब्यात जायचा आणि चिमूटभर पीठ पाटावर भुरभुरायचा. आजही गेला होता. डोक्याला न विचारता हाताने परस्पर काम उरकलं होतं.

काकू गच्चीवर कपडे काढत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. काकांनी फडकं घेतलं, तळ पुसला. पिठी गेली. भाकर पुन्हा तशीच देखणी झाली. ते खुर्चीवर बसले. चिमूटभर तर होतं. आठवडाभर गाव हसलं होतं, आता कुठं जमलं होतं. उद्या चार लोक पाठीवर थाप मारणार होते.

मग त्यांना ड्रायव्हर दिसला, चारचौघांत पहिला तुकडा तोंडात टाकणारा.

त्यांनी फोन लावला.

"बोला काका! झाली का भाकर?"

"झाली. आणि मी ती घालवली. तळाला गव्हाचं पीठ लावलं रे. हाताने लावलं. मी पुसलंसुद्धा, गाढवासारखा."

पलीकडे बसचा हॉर्न वाजला.

"काका, चिडणार नसाल तर एक सांगू?"

"मी चिडायचा? मी?"

"तुमच्या स्वयंपाकघरात नुसतं उभं राहिलं तरी माझ्या अंगावर पीठ बसतं. तो पाट, ती भट्टी, ते फडकं, सगळीकडे गहू आहे. गुरुवारी सहावा पाव जमल्याचं ऐकलं, तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं. डब्याशिवायही ती भाकर मला चालली नसती."

पीठ बदलायचं एवढंच त्यांनी धरलं होतं. घरातल्या पिठाकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. हवेकडे कुणाचं जातं?

"मग बोलला का नाहीस?"

"सात पाव केलेत तुम्ही! कसं बोलू? खायचीच असं ठरवलं होतं. सोमवारी-मंगळवारी माझ्या बसवर बदली ड्रायव्हर सांगून ठेवलाय."

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. "म्हणजे आजारी पडायची तयारी करून तू उद्या येणार होतास?"

"बारा वर्षं वाट पाहिली, काका. दोन दिवस पोट धरून पडलो तर काय मोठं?"

"मूर्खा," भट्टीकाका म्हणाले. "तुझ्या घरी भट्टी आहे का?"

"छोटीशी आहे. मास्तर केक करतो."

"गहू?"

"आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही."

"मी येतोय. पीठ नवीन घेतो, पाकीट तुझ्या घरीच फोडू. आणि ऐक, मला दारातच अडवा."

मास्तरांनी खरंच दारात अडवलं. काकांना सरळ न्हाणीघरात पाठवलं, कोपरापर्यंत हात तीनदा धुवायला लावले, नखं ब्रशने घासायला लावली आणि अंगातला शर्ट काढून घेऊन ड्रायव्हरचा धुतलेला शर्ट दिला. तो काकांच्या गुडघ्यापर्यंत आला.

"छाती अडतीस," मास्तर नजरेनेच माप घेत म्हणाले. "पोटाबद्दल मी काही बोलत नाही."

"बोलू नका. आज पोटावरून बरंच झालंय."

पाट नव्हता; काचेचं ताट होतं. चाळणी अनोळखी, वाटी अनोळखी. डाव्या हाताला डबा नव्हता, तरी गोळा हातात आला तसा काकांचा डावा हात हवेत गेला आणि तिथंच थांबला. मास्तरांनी तो पाहिला. त्यांनी त्या हातात तेलाची वाटी ठेवली. काकांनी ताटाला तेलाचं बोट लावलं.

भट्टी लहान, त्यामुळे भाकर लहान करावी लागली. पीठ फुगायला पन्नास मिनिटं होती. तेवढ्यात ड्रायव्हर कामावरून आला आणि दारातूनच ओरडला, "माझा शर्ट कुणी घातलाय?"

"भाकर करणाऱ्याने," काका म्हणाले. "बस. आणि भट्टी उघडून बघायची नाही."

भाकर आत गेल्यावर त्याने भट्टी दोनदा उघडली. दुसऱ्यांदा काकांनी त्याच्या हातावर चापटी मारली. तिघंही भट्टीच्या काचेसमोर बसून राहिले, आणि कडा तपकिरी व्हायला लागल्या तेव्हा मास्तरांनी टाळी वाजवली.

रविवारी चर्च भरलं. एरवी चाळीस-पंचेचाळीस माणसं असत. पण इसबगोलाची गोष्ट काकूंनी फोनवरून सगळीकडे पसरवली होती. ज्यांचं आणि देवाचं सध्या फारसं बोलणं नव्हतं, तेही भाकर बघायला आले. मास्तरांची बहीण दोन गाड्या बदलून आली होती. पाळकबाईंनी खुर्च्या मोजल्या, शेजारच्या खोलीतून आणखी आणल्या, मग पुन्हा मोजल्या. माणसं चौसष्ट झाली. काकांनी भाकर वजनकाट्यावर ठेवली: सहाशे आठ ग्रॅम.

"बाई, पुरणार नाही."

"पुरवायची."

"प्रत्येकाला साडेनऊ ग्रॅम येतात. घास नाही, घासाची चेष्टा आहे."

"काका, जेवायला थोडंच बोलावलंय?" पाळकबाई म्हणाल्या, आणि पुढे जाऊन मेजाशी उभ्या राहिल्या. "हे मेज आमचं नाही," त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. "त्यामुळे इथं कुणी यावं आणि कुणी नाही, हे आम्ही ठरवत नाही. ज्याचा विश्वास आहे त्याने यावं, ज्याला शंका आहेत त्यानेही यावं. आज मेजावर डबी नाही. भाकर एक आहे आणि ती सगळ्यांना चालते."

ड्रायव्हर पुढे आला. बारा मीटरची बस गल्लीत वळवणारे हात त्याने जपून भाकरीवर ठेवले. मास्तर त्याच्या शेजारी उभे होते. त्याने भाकर उचलली, मोडली. मध्ये मऊ जाळी दिसली. बारीक, एकसारखी. पहिल्या रांगेत भट्टीकाका जाळी बघून "वा" म्हणाले, ते जरा मोठ्याने गेलं.

ड्रायव्हरने तुकडा तोंडात टाकला. चौसष्ट माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो चावत राहिला. डोळे मिटले, उघडले, पुसले. पुन्हा चावला. वॉकर घेऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्या आजींनी शेवटी न राहवून विचारलं, "अरे, सांग की कशी आहे!"

"गरम असती," तो म्हणाला, "तर अजून बरी लागली असती."

"नखरे बघा!" भट्टीकाका उभे राहून ओरडले.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. पाळकबाईंना मेजाचा आधार घ्यावा लागला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, कुणी गाणं सुरू केलं, दोन्ही एकाच वेळी आणि वेगवेगळ्या तालात. ताट फिरू लागलं. माणसं तुकडा घ्यायची आणि शेजाऱ्याकडे वळून बघायची, त्याला मिळाला का म्हणून. मिळाला असला तरी आपल्यातला कण त्याच्या हातावर ठेवायची. आजींनी आपला तुकडा मोडून मास्तरांच्या बहिणीला दिला आणि तिने तिचा आजींना. भाकर वाटायला एरवी सात मिनिटं लागत. त्या दिवशी एकोणीस लागली. काका शेवटी होते. त्यांच्या हातावर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा आला. त्यांनी तो सावकाश खाल्ला. मीठ बरोबर होतं.

दुपारी सगळे चहा पिऊन पांगले, तरी काकांच्या मनाला स्वस्थता नव्हती. सगळं धुतलं होतं का? नखं? पिठाचं पाकीट ज्या पिशवीतून नेलं ती पिशवी? फोन करावा तर ड्रायव्हर हसून वेळ मारून नेईल, ठीक आहे म्हणेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून सोमवारी सकाळी ते कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. काकूंनी विचारलं, कुठं निघालात. ते म्हणाले, कुठं नाही. डेपोतून ड्रायव्हरची पहिली बस सहा दहाला सुटते आणि या थांब्यावर सहा एकोणीसला येते. काकांनी मनगटावरचं घड्याळ दोनदा पुसलं.

बस सहा वाजून एकोणीस मिनिटांनी आली. बदली ड्रायव्हर नव्हता.