आपल्या घरात असंच जातं

"क्लच. क्लच दाबा. डावा पाय," असं ताई म्हणेपर्यंत गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि चौकाच्या बरोबर मधोमध मान टाकली.

"गेली," डॉक्टरबाई म्हणाल्या. आयसीयूबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना सांगावं, तशा सुरात.

"कुठं जात नाही ती. न्यूट्रल करा, चावी फिरवा. आणि लोकांकडं बघू नका, ते बघणारच."

ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. त्यांच्या पायाखाली एक जादाचा ब्रेक होता, आणि दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून दिवसभर बसणं हा त्यांचा व्यवसाय होता. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडून गाडी शिकल्या होत्या. उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या नवऱ्यांनी शिकवलं होतं. त्या अजून चालत जात.

महिन्यातले काही दिवस ताईंच्या सीटवर गडद टॉवेलाची जाड घडी असे आणि शेजारी बर्फाच्या खड्यांचा थर्मास. टॉवेल कशासाठी ते बायकांना समजे आणि पुरुषांनी समजून घेऊ नये अशी व्यवस्था होती. बर्फ कशासाठी, हे मात्र खुद्द ताईंनाही ठाऊक नव्हतं. खावासा वाटे म्हणून खात, कडाकडा चावून. शिकणाऱ्यांचा समज असा, की बाई राग गिळतायत.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या. बायकांच्या दवाखान्यात रोज पोटं उघडून पुन्हा शिवणारा त्यांचा हात स्टिअरिंगवर आला की लाकडाचा होई. चौकातून एकदाच्या सुटून त्या बाजारामागच्या रस्त्याला लागल्या. वळणावर कचऱ्याचा एक उंच डबा होता आणि त्याला टेकून एक गृहस्थ फोनवर बोलत होते. डॉक्टरबाईंनी ब्रेक समजून भलतंच काहीतरी दाबलं. त्यात नवीन काही नव्हतं. अशा वेळी ताईंचा पाय आपोआप खाली जायचा.

आज तो गेला नाही. ताईंच्या डोळ्यांसमोर आधी काळे ठिपके आले, मग ठिपक्यांमधली जागाही काळी झाली. पाय पडला तेव्हा डबा आडवा झालेला होता. गृहस्थ उडी मारून वाचले होते आणि फोनवर सांगत होते, "काही नाही गं, बायका गाडी शिकतायत."

गाडी कडेला लागली. 

"माझा पाय उशिरा पडला," ताई म्हणाल्या.

"माझा तर चुकीचाच पडला. तुम्हाला अंधारी आली का?"

"ऊन फार आहे."

डॉक्टरबाईंनी काचेतून वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. "खालची पापणी जरा ओढा बघू. ओढा हो. मी नाही का तुम्ही सांगितल्यावर क्लच दाबत?"

"कुठं दाबता," ताई म्हणाल्या, पण पापणी ओढली. आतून ती लालसर असायला हवी. पांढऱ्या कागदासारखी होती.

"पाळीत किती जातं?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे? पॅड किती वेळ टिकतं?"

"एकावर एक दोन लावली की एक शिकवणी निघते."

"रात्री उठावं लागतं?"

"ते सगळ्यांनाच लागतं."

"गाठी पडतात?"

"त्या पण सगळ्यांनाच..." ताई डॉक्टरबाईंचा चेहरा बघून थांबल्या. "नाही पडत?"

"एवढ्या नाही. रात्री उठावं पण लागत नाही. आणि रक्त कमी असलं की काही बायकांना बर्फ चावावासा वाटतो. थर्मास बघून मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुमच्या गाडीत बसलं की मला माझ्या जिवापलीकडं काही सुचत नाही. उद्या दवाखान्यात या."

घरी ताईंच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "डॉक्टरांचं काय, नाक दाखवलं तर लांब आहे म्हणतील. आपल्या घरात असंच जातं."

आणि ते खरं होतं. आईचं तसंच जायचं, आजीचं तसंच. दुसऱ्या घरांतून माणसं पिढीजात जमिनीबद्दल किंवा आवाजाबद्दल बोलतात, तसं या घरात याबद्दल बोललं जाई. 'आपल्या बायका खमक्या. पिंपभर जातं, पण कामाला खाडा नाही.' पुरुषही अगदीच वगळलेले नव्हते. मामांना दाढी करताना कापलं की ते जखमेवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून ऑफिसला जात, आणि साहेब समोरच्या फायलीऐवजी मामांची हनुवटी वाचत. थोरली मावशी बाळंतपणात गेली, त्याचं कारणही घरात ठरून गेलं होतं: तिनं धीर सोडला. बाकीच्यांनी सोडला नाही, म्हणून बाकीच्या राहिल्या.

आतल्या खोलीत ताईंची लेक पोटाशी गुडघे घेऊन पडली होती. तिचं नुकतंच सुरू झालं होतं. आजीनं तिला अंगदुखीची घरातली नेहमीची गोळी दिली होती आणि वर शाबासकी दिली होती.

"आई, हे दर महिन्याला असंच?"

ताईंना उत्तर पाठ होतं. त्यांना ते तसंच्या तसं याच खोलीत मिळालं होतं. पण तोंडातून निघेना. डब्याऐवजी तो फोनवाला माणूस असता तर, हे दुपारपासून डोक्यात घोळत होतं. आणि आता ही पोर.

"उद्या विचारते," त्या म्हणाल्या.

"कुणाला विचारणार?" ताईंची आई बाहेरून म्हणाली. "मी आहे ना इथं जिवंत."

सोनोग्राफीत काही निघालं नाही. "गर्भाशय शहाण्यासारखं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "नाकातून रक्त येतं कधी? दात वगैरे काढलाय?"

ताईंना हसू आलं. "दात काढला तेव्हा डेंटिस्टच घाबरला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बघायला आला, आहे का म्हणून. आमच्या सगळ्यांचंच असं आहे हो." आणि त्यांनी मामांची हनुवटी, आजीचं नाक, आईच्या हिरड्या, सगळं खुलवून सांगितलं. मावशीचंही सांगितलं. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे मला गाडीत का नाही सांगितलंत?"

"यात काय सांगायचं? घरगुती गोष्ट आहे."

मग रक्ततज्ज्ञाकडं चिठ्ठी गेली. तपासण्या झाल्या, खात्रीसाठी पुन्हा झाल्या. रक्त गोठायला जो एक घटक लागतो, तो ताईंच्या रक्तात जन्मापासून कमी होता. लेकीचाही कमी निघाला. आईबापांकडून मुलांकडं येतो हा आजार.

"म्हणजे आई म्हणते ते खरंच आहे," ताई म्हणाल्या. "आपल्या घरात असंच जातं."

"शंभर टक्के खरं आहे. फक्त त्याला आजार म्हणतात, आणि त्याच्यावर गोळ्या मिळतात."

त्या दिवसांत रक्तस्राव आवरणाऱ्या गोळ्या, भरून काढायला लोह, आणि घरातली ती नेहमीची अंगदुखीची गोळी एकदम बंद. तिनं रक्त आणखीच वाहतं. दात काढायचा असो की पोट उघडायचं असो, हात लावणाऱ्याला आधी सांगायचं. एवढंच होतं सगळं. ताईंना आधी हायसं वाटलं आणि मग थोडं अपमानास्पदही. आयुष्यभर ज्याला पराक्रम समजून मिरवलं, ते इतक्या छोट्या गोळीला ऐकत होतं.

पण काही महिन्यांतच अपमान ओसरला आणि नुसतं बरं वाटणं उरलं. थर्मासमध्ये चहा आला. एकदा पाळीच्या दुसऱ्या दिवशी लागोपाठ शिकवण्या घेऊन ताई घरी आल्या, जिना चढल्या, आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मधे टेकायचं राहूनच गेलं. कृतज्ञता कुठं वाहावी याचा त्यांनी विचार केला. देवापर्यंत जायचं तर मधे बरेच जण लागत होते. डॉक्टरबाईंना त्यांनी टेस्ट पास होईपर्यंत शिकवलं, आणि डॉक्टरबाईंचं टेस्ट पास होणं ताईंच्या मूळ आजाराइतकंच चिवट निघालं. पण बाजारामागून जाताना ताई त्या कचऱ्याच्या डब्याकडं बघून हळूच मान झुकवत. पहिला बळी त्याचाच गेला होता.

आई मात्र बधली नाही. एक दिवस नात त्या दिवसांत सायकल घेऊन शिट्टी वाजवत बाहेर पडली. आई गॅलरीत उभी राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. आत येऊन म्हणाली, "मला पण दाखवून आण एकदा."

"आता कशाला? तुझी तर कधीच गेली."

"हिरड्या आहेत ना अजून."

आईचाही रिपोर्ट तसाच आला. डॉक्टरबाईंनी तिला सगळं समजावलं. आई लक्ष देऊन ऐकत होती, मधेमधे मान हलवत होती. मग विचारलं, "ही गोळी तेव्हा होती का हो? माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी?"

डॉक्टरबाईंनी क्षणभर ताईंकडं पाहिलं. "काही ना काही करता आलं असतं. पण आधी कुणीतरी विचारायला हवं होतं, की घरात आणखी कुणाला असं होतं का."

"विचारलं होतं," आई म्हणाली. "नर्सनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडं सगळ्यांचंच असं जातं, काही काळजी करू नका."

 निघताना आईनं डॉक्टरबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "पोरींना वाचवलंत," एवढंच म्हणाली.

परतताना आई ताईंच्या शेजारी बसली होती. जुन्या पुलापलीकडच्या रस्त्याला गाडी लागली तशी ती म्हणाली, "जरा हळू घे."

डाव्या हाताला फर्निचरचं मोठं दुकान होतं. काचेत गाद्या, पलंग, कुणी न झोपलेल्या उशा.

"प्रसूतिगृह होतं इथं. वरच्या मजल्यावर, त्या खिडकीत." आई वाकून बघत होती. "ती म्हणत होती, मला काहीतरी वेगळं वाटतंय गं. मी म्हटलं, भित्री कुठली."

तिथं गाडी थांबवायला मनाई होती. ताई रोज शिकणाऱ्यांना तसा फलक दाखवत. त्यांनी गाडी थांबवली. मागून हॉर्न सुरू झाले. आईला बघून होईपर्यंत ताईंनी ते वाजू दिले.