एकशे सतराची खुंटी

मित्रांनो, या घराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली पितळी चकती पाहून तुम्हाला वाटेल की हे एखाद्या जुन्या कुलपाचं झाकण असावं. वाटू द्या, मी रागावणार नाही. मी खाणीचा बिल्ला आहे. तुमच्या मुठीत सहज मावेन एवढा. वर एक भोक, मध्ये आकडा, एकशे सतरा. त्यातला सात थोडा तिरका आहे, कारण ठसा मारताना लोहाराला शिंक आली. तो म्हणाला, "असू दे, खाली अंधारात कोण बघतंय!" आणि त्याने पुढची चकती घेतली.

माझ्यासारखे तीनशे बिल्ले त्या आठवड्यात तयार झाले. खाणीच्या तोंडाशी एक मोठा फळा होता आणि त्यावर तीनशे खुंट्या. नियम अगदी सोपा होता. खाली उतरताना माणसाने आपला बिल्ला खुंटीवरून काढून खिशात घालायचा आणि वर आल्यावर पुन्हा लावायचा. खुंटी रिकामी असेल तर माणूस खाली. खुंटीवर बिल्ला असेल तर माणूस वर. हजेरी कारकुनाला माणसांचे चेहरे पाहण्याची गरजच नव्हती. तो खुंट्या पाहायचा आणि जेवणाचा डबा उघडायचा.

माझा पहिला धनी एक म्हातारा सुरुंगवाला होता. त्याने माझ्यासाठी सदऱ्याला आतून वेगळा खिसा शिवून घेतला होता. वीस वर्षांत त्याने मला एकदाही दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. कोणी गमतीने मागितलं तर म्हणायचा, "बायको माग, देणार नाही. बिल्ला माग, तोही देणार नाही." कारकून नव्या पोरांना सांगायचा, "एकशे सतराकडे बघा. असा वापरतात बिल्ला." मी तेव्हा सोन्यासारखा चमकत असे. थोडा गर्विष्ठही झालो होतो, खोटं कशाला सांगू.

म्हातारा निवृत्त झाला आणि मी एका तरुण पट्टेवाल्याकडे आलो. पट्टेवाला म्हणजे तिसऱ्या बोगद्यात माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर नजर ठेवणारा. तिथे तो एकटाच असायचा. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, गोड बोलायचा, पण त्याचं कुठल्याच कामावर बूड टेकत नसे. त्याने मला तंबाखूच्या पुडीत ठेवलं, माझ्या कडेने स्क्रू पिळले, एकदा तर नखातला मळसुद्धा काढला. मी काळा पडलो.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्याच खाणीत पाचव्या बोगद्यात काम करायचा. छताला लाकडी टेकू लावण्याचं त्याचं काम. पट्टेवाला, म्हणजे त्यांचा मेहुणा, त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळी खाणच दाजी म्हणू लागली. त्यांच्या मुकादमाचे केस त्यांच्याआधी पिकलेले, पण तोही दाजीच म्हणायचा.

आता त्या खाणीतली एक खोड सांगतो. पाळी संपायच्या आधी कोणी वर आला आणि त्याने बिल्ला लावला, तर कारकून वेळ टिपून ठेवायचा. म्हणून ज्याला लवकर सटकायचं असेल तो आपला बिल्ला जोडीदाराकडे द्यायचा आणि जुन्या शिडीच्या वाटेने वर चढायचा. ती वाट कारखान्याच्या मागे निघायची, तिथे कोणी विचारणारं नव्हतं. पाळी संपली की जोडीदार दोन्ही बिल्ले लावून टाकायचा. सगळेच करायचे. जे करत नसत तेही बघून न बघितल्यासारखं करायचे.

त्या महिन्यात मेहुण्याने मला तिसऱ्यांदा दाजींच्या पुढे धरलं. पहिल्यांदा त्याच्याकडे सासरे यायचे होते. दुसऱ्यांदा त्याला नुसती झोप येत होती.

"दाजी, आज खरंच दाढ ठणकतेय. हे बघा, गाल बघा."

"गाल गेल्या खेपेलाही सुजला होता. झोपून."

"आईशप्पथ दाजी. दातांचा डॉक्टर पाचला बंद करतो. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत, आता वेळ टिपून घेतली तर सगळं मुसळ केरात."

दाजींनी मला घेतलं आणि वरच्या खिशात टाकलं. "ही शेवटची वेळ. तुझ्या ताईला सांगेन नाहीतर."

"तुम्ही नाही सांगणार," मेहुणा म्हणाला आणि गाल धरून हसत शिडीकडे पळाला.

तासाभरात मुख्य वाटेवरचं छत बसलं.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. धूळ खाली बसल्यावर पाचव्या बोगद्याच्या टोकाला चार माणसं अडकली होती, चौघेही जिवंत. दाजी, मुकादम, पंपवाला, आणि ज्याला सगळे 'वकील' म्हणत तो एक खोदणारा. साध्या पाणी पिण्यावरूनही तो वाद घालू शकत असे. बाहेर पडायच्या वाटेवर डोंगर येऊन बसला होता, शिडीची वाटही त्याच्या पलीकडे राहिली होती. मुकादमाने चारी दिवे मोजले आणि तीन विझवले. एक दिवा दहा तास चालायचा.

"एका वेळी एकच," तो म्हणाला. "आणि वकीलसाहेब, तोंडही एका वेळी एकच. हवा सगळ्यांची आहे."

दाजींनी मला खिशातून काढलं आणि पाण्याच्या लोखंडी नळावर माझ्या कडेने चार टोले मारले. खाणीत अडकलेली माणसं अशीच बोलतात. जिवंत माणसं जितकी, तितके टोले. नळ पुढे कुठेतरी दगडांखाली चेपलेला होता. तरीही त्यांनी मारले. थोड्या थोड्या वेळाने मारत राहिले. माझ्या कडेला पहिली खाच तेव्हा पडली.

पहिला दिवा अर्धा जळाला असेल, तेव्हा दगडातून घरघर ऐकू आली. वरून जमिनीला भोक पाडत होते! पंपवाला रडायलाच लागला. चौघांनी भिंतीला कान लावले. आणि मग वकिलाचा चेहरा उतरला.

"हा आवाज डोक्यावरून येत नाहीये. लांबून येतोय. तिसऱ्याकडून."

"तिसऱ्यात कोण आहे?" पंपवाल्याने विचारलं.

"दाजींचा मेहुणा. बिचारा एकटाच असणार."

दाजींनी मूठ दिव्याजवळ नेली आणि उघडली. मुकादमाने माझ्यावरचा आकडा वाचला. मग त्याने दाजींच्या दुसऱ्या खिशावर हात ठेवून पाहिला. तिथे त्यांचा स्वतःचा बिल्ला होता.

आता सगळ्यांनाच कळलं. बाकीचे सगळे वर निघाले असणार, आणि फळ्यावर पाचच खुंट्या रिकाम्या होत्या. चार पाचव्या बोगद्याच्या, एक तिसऱ्याची. तिसरा बोगदा जमिनीपासून जवळ, एका दिवसात भोक पोहोचेल. पाचवा खोल, दोन दिवस तरी लागणार. भोक पाडणारं यंत्र एकच. मग साहेबांनी ठरवलं की जो लवकर हाती लागेल त्याला आधी काढू. त्यांचा हिशेब चुकला नव्हता, मित्रांनो. आकडा चुकला होता. तो चुकलेला आकडा म्हणजे मी.

"म्हणजे आपल्या वाटचं यंत्र रिकाम्या बोगद्यात भोक पाडतंय," वकील सावकाश म्हणाला. "आणि तुमचा मेहुणा घरी चूळ भरतोय. वा दाजी! आयुष्यभर टेकू लावले, आणि हा एक असा लावलात!"

"गप्प बस," मुकादम म्हणाला. "तूही माझ्याकडे दोनदा दिला होतास बिल्ला. मीही घेतला होता." मग तो दाजींकडे वळला. "सांगेल तो. 'मी वर आहे' एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?"

"कायम होणार होता पुढच्या महिन्यात," दाजी म्हणाले.



जमिनीखाली अडकलेली माणसं खोदण्याचा आवाज बंद पडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसतात. हे चौघे तो बंद पडावा म्हणून कान लावून बसले होते. घरघर थांबली की समजायचं, वर कोणीतरी खरं बोललं. पहिला दिवा विझला. घरघर चालूच. दुसरा लावला. पंपवाला म्हणाला, "मला वाटतं त्याला कळलंच नसेल." वकील म्हणाला, "अख्ख्या गावात भोंगा वाजला असेल. दाढ दुखते की कान?" नंतर तोही थकला.

दुसरा दिवा विझत आला, तेव्हा मुकादम हळूच म्हणाला, "दाजी, तो बिल्ला पाण्यात टाका. उद्या आपण कसेही सापडलो, तरी तो तुमच्याकडे सापडला तर पोराचं काही खरं नाही. तुमच्या बायकोने नवराही घालवायचा आणि भाऊही?"

पायाशी गुडघाभर पाणी साचलं होतं. दाजींनी हात पाण्यावर धरला. त्यांचं बोट माझ्या तिरक्या सातावरून फिरलं. मला वाटलं, झालं, आता मी गेलो.

"नको," ते म्हणाले. "त्याने दिला ही त्याची चूक. मी घेतला ही माझी. अर्धी अर्धी आहे. पाण्यात टाकून माझी अर्धी कशी बुडेल?" आणि त्यांनी नळावर पुन्हा चार टोले मारले.

तिसऱ्या दिव्याला घरघर थांबली.

"थांबली!" पंपवाला ओरडला. "बोलला! बोलला तो!" चौघे एकमेकांच्या गळ्यात पडले. वकील हसत हसत म्हणाला, "दाजी, त्या पोराला मी आधी मिठी मारणार, मग दोन कानाखाली." काही वेळाने नवीन घरघर सुरू झाली. या वेळी ती बरोबर डोक्यावर होती, पण इतकी वर की दगड कुजबुजतोय असं वाटावं. मुकादमाने ती ऐकली आणि उरलेल्या एकमेव दिव्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. चौथा दिवाही संपला. अंधारात हवा जड होत गेली. पंपवाला झोपेत बडबडत होता, मग बडबडायचा थांबला. दाजींनी त्यानंतर तीनच टोले मारले. मग केव्हातरी दोन. वकिलाने जाताना वाद घातला नाही. शेवटी दाजींनी माझ्या कडेने एकच टोला मारला आणि मला मुठीत घट्ट धरलं. ती मूठ मग सैल झाली नाही.

बऱ्याच वेळाने छतातून माती पडली आणि नळीचं टोक आत आलं. वरून कोणीतरी त्या नळीवर तीन टोले मारले आणि थांबलं. पुन्हा तीन मारले. पुन्हा थांबलं. ते उत्तराची वाट पाहत होते.

मी होतो, मित्रांनो. मी तिथेच होतो, नळापासून वीतभर अंतरावर. पण बिल्ल्याला स्वतःहून वाजता येत नाही.

बाकीचं मला चौकशीच्या टेबलावर पडल्या पडल्या कळलं. दाजींच्या बायकोने, म्हणजे ताईने, उभं राहून सगळं सांगितलं. तिला वाटत होतं की नवराही खाली आहे आणि भाऊही. खाणीच्या फाटकाशी रात्र आणि पुढचा दिवस काढून संध्याकाळी ती भावजयीला धीर द्यायला तिच्या घरी गेली.

"वहिनी रडत नव्हती," ती म्हणाली. "मला बघून दचकली. मी म्हटलं, दोन घास खाऊन घे. आत गेले, तर ताटं दोन मांडलेली होती."

मेहुणा पलंगाखाली होता. गालाला मफलर बांधून. ताईने त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि तसाच, अनवाणी, फाटकापर्यंत नेला. तो वाटभर एकच म्हणत होता, "ताई, मला वाटलं ते सगळीकडेच खोदत असतील." यंत्र एकच आहे हे त्या खाणीत सगळ्यांना माहीत होतं.

रिकाम्या तिसऱ्या बोगद्यावर एकोणीस तास गेले होते, असं साहेबांनी सांगितलं. दाजींचा श्वास नळी पोहोचायच्या अकरा तास आधी थांबला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी जन्मभर आकडाच अंगावर वागवत आलो, मला वजाबाकी येते. एकोणिसातून अकरा गेले की आठ उरतात. त्या आठ तासांत दाजी वर आले असते, चहा प्यायले असते आणि मेहुण्याला शिव्या देत झोपलेही असते.

चौकशी संपल्यावर कारकुनाने मला मेहुण्यापुढे धरलं. "तुमचा बिल्ला." त्याने हात मागे घेतला. ताईने मला उचललं.

तेव्हापासून मी तिच्या दारामागे आहे. ती मला दर आठवड्याला राखेने घासते. पुन्हा चमकायला लागलोय मी, पण माझ्या कडेच्या खाचांना ती राख लावत नाही. त्या तशाच काळ्या ठेवल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी आलेलं नसताना मागच्या बाकावरून त्याच्या नावाला 'हजर' म्हणणारे असतील. मैत्रीखातर करतात, मला ठाऊक आहे. दाजींनीही मायेपोटीच केलं. तुम्ही एकच करा. आपली हजेरी दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका, आणि दुसऱ्याची आपल्या खिशात घेऊ नका. आणि कधी ठेवलीच, तर धावत जाऊन सांगा. भीती वाटली तरी सांगा. ताटं मांडायच्या आधी सांगा.

मेहुणा आता खाणीत नाही. दर रविवारी तो ताईकडे येतो. गळका नळ बसवतो, खिडकीची कडी ठोकतो. ती त्याला चहा देते, बोलत नाही. पहिल्या रविवारी मात्र तिने दारातच अडवून एक गोष्ट सांगितली होती.

"आत येताना तो काढायचा. जाताना लावायचा. स्वतःच्या हाताने."

तेव्हापासून तो आला की मला खिळ्यावरून काढतो आणि काम संपेपर्यंत डाव्या मुठीत धरून ठेवतो. एका हाताने काम करायला त्याला दुप्पट वेळ लागतो. कधी कधी त्याचा अंगठा माझ्या कडेवरून फिरतो आणि एकेका खाचेवर थांबतो. मग तो मला पुन्हा खिळ्याला लावतो आणि दाराशी उभा राहतो, ताई काहीतरी म्हणेल म्हणून.

ती फक्त खिळ्याकडे बघते, मी जागेवर आहे याची खात्री करते, आणि दार लावून घेते.