डाग भिंतीकडे

मित्रांनो, मी एक जुनी कापसाची गादी आहे आणि मला दोन बाजू आहेत. पहिली बाजू कोणीही खुशाल पाहावी. दुसरीचा विषय निघाला की मला अजूनही तोंड लपवावेसे वाटते. पण स्वतःची हकिकत सांगायला बसायचे आणि अर्धे अंग झाकून ठेवायचे, हे काही बरे नाही. तेव्हा दोन्ही बाजू सांगते. हसू आले तर हसा, फक्त शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म एका गादी भरणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने कापूस असा काही पिंजला की शेजारच्या दुकानदारालाही शिंका येऊ लागल्या. मग निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची खोळ शिवून त्याने मला तिच्यात ठासून भरले आणि हातभर सुईने टाके घातले. शेवटी दोन्ही हातांनी माझ्यावर थाप मारून तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "तुमचा नातू झोपेल हिच्यावर!" हे ऐकून मी फुगले. नवी गादी मुळात फुगलेलीच असते, ती आणखी फुगली.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक लाँड्रीवाला. खाली त्याची लाँड्री, वर दोन खोल्यांचे घर. घरात हे बाबा, आई, ताई आणि धाकटा. या माणसाची ख्याती अशी की कॉलरकडे एक नजर टाकून तो सांगे, हा डाग शाईचा, हा गंजाचा, हा चहाचा आणि हा लपवून ठेवलेल्या चॉकलेटचा. त्याच्या हातून डाग निसटला असे कधी झाले नव्हते. लोक दुकानात उभे राहून त्याचे कौतुक करत आणि तो मान खाली घालून इस्त्री फिरवत राही, पण कान गिऱ्हाइकाकडे असत.

धाकट्याला चौथे वर्ष लागले तेव्हा आईने त्याला माझ्यावर निजवले. पहिले दिवस फार सुखाचे गेले. तो माझ्यावर उड्या मारी, कोलांट्या खाई, कधी पालथा पडून कान माझ्यावर दाबी आणि बोटांनी टकटक करून आत काय ऐकू येते ते ऐके. अधूनमधून अंथरूण ओले होई. त्यात नवल ते काय? गादीच्या जन्माला आल्यावर एवढी तयारी ठेवावीच लागते.

पण धाकटा सहाचा झाला, सातचा झाला, आठचा झाला, तरी ते थांबेना. आईने रबरी चादर घालून पाहिली, पण झोपेत तो तिच्यावरून घरंगळून बरोबर माझ्यावर येई. तो मुद्दाम करत नव्हता. हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? सकाळी जाग आली की तो आधी हाताने चाचपून पाही. मग डोळे न उघडता अजिबात न हलता पडून राही. आपण हललोच नाही तर कोणाला कळणारच नाही, असे त्याला वाटत असावे.

बाबांनी माझ्यावर लिंबू चोळले, सोडा टाकला, दुकानातली कुठलीशी उग्र वासाची बाटलीही रिकामी केली. डाग गेला तर नाहीच, उलट त्याला तपकिरी काठ आला आणि तो पसरत गेला. अख्ख्या वस्तीच्या कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या माणसाने माझ्यापुढे हात टेकले. मला वाटते, त्यांचा राग तिथून सुरू झाला. पोराची काळजी त्यांना असेलही, पण डाग जिंकला हे त्यांना सोसले नाही.

एका सकाळी त्यांनी मला उचलले, मागच्या गॅलरीत नेले आणि कठड्यावर टाकले. डागाची बाजू बाहेर. त्या गल्लीत, नेमकी आमच्या गॅलरीखाली, शाळेची बस थांबत असे.

"अहो, निदान तोंड तरी आत करा तिचं," आई म्हणाली. "खाली सगळी पोरं उभी आहेत."

"असू देत. चारचौघांत लाज वाटली की आपोआप बंद होईल."

एवढे बोलून त्यांनी काठी घेतली. ओला कापूस बसू नये म्हणून गादी झोडावी लागते, त्यात गैर काही नाही. पण त्यांची झोडायची एक पद्धत होती. तीन फटके, मग थोडे थांबणे, मग एक जोराचा. त्या आवाजाने गल्लीतले प्रत्येक डोके वर होई. धाकटा खाली दप्तर घेऊन रांगेत उभा असे. तो मात्र वर पाहत नसे. वाकून बुटाची नाडी बांधत बसे, आणि बस येईपर्यंत ती नाडी काही बांधून होत नसे.

पोरांनी त्याचे नाव 'टाकी' ठेवले. मी कठड्यावर दिसले की कोणीतरी ओरडे, "टाकी फुटली रे!" आणि सगळी रांग खिदळे. मित्रांनो, मी तर नुसती गादी. तरी मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले. वाटे, टाके उसवावेत आणि सगळा कापूस वाऱ्यावर उडून जावा. पण गादी भरणाऱ्याचे काम पक्के होते. एक टाका उसवेल तर शपथ.

बाबा लोकांना अभिमानाने सांगत, "मी पोराला कधी हात लावला नाही." खरेच होते ते. फटके मीच खाल्ले.

आईने काही दिवस रोज तेच सांगून पाहिले. मग तिने सांगणे सोडले आणि त्या वेळी ती स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून भांडी घासू लागली. पुढे धाकटा मोठा झाला आणि जे थांबायचे ते आपोआप थांबले. बाबांनी त्याचे सगळे श्रेय कठड्याला दिले. धाकट्याला नवी गादी आली आणि मी माळ्यावर गेले. तिथे एक मोडका पंखा आणि फुटक्या चाकाची सायकल होती. कोणी विचारपूस करत नव्हते, पण कोणी बघतही नव्हते. दुर्लक्ष इतके गोड लागू शकते हे मला तेव्हा समजले.

धाकटा शिकला, लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामाला लागला आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवू लागला. बाबांशी त्याचे भांडण नव्हते. बोलणेही फारसे नव्हते. जेवलास का, जेवलो, एवढ्यावर दोघांचे भागे.

मग एके दिवशी त्याने मला माळ्यावरून खाली ओढले आणि खांद्यावर टाकून थेट एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानामागच्या खोलीत नेले. तिथे त्याचे दोन मित्र होते. दातांच्या दवाखान्यात काम करणारी आणि बेस गिटार वाजवणारी एक मुलगी, आणि फरशांच्या दुकानात काम करणारा, ड्रम वाजवणारा एक धिप्पाड मुलगा, ज्याला सगळे ढोल्या म्हणत. तिघांना मिळून एक अल्बम करायचा होता. पण खोलीच्या भिंती उघड्या होत्या आणि प्रत्येक आवाज टप्पा खाऊन परत येई. आवाज गिळायला काहीतरी जाड हवे होते. माझी आठवण त्याला अशी झाली.

त्याने मला भिंतीला टेकवून उभे केले. डाग भिंतीकडे. मग दोन पावले मागे जाऊन पाहिले, परत आला आणि मला आणखी जरा आत दाबले. मी त्याची आभारी होते.

अशी मी श्रोता झाले. खरे सांगते, ती गाणी मला सुरुवातीला आवडली नाहीत. गिटारचा सूर एकदा निघाला की थांबत नसे, बंद खोलीत कोणी पंखा चालू ठेवून गेल्यासारखा घुमत राही. त्याच्या खालून बेस येई, इतका खोल की तो ऐकू येण्याआधी माझ्या कापसाला कळे. धाकटा मोठ्याने गात नसे. माईकला ओठ लावून, घरात कोणी जागे होऊ नये अशा बेताने गाई. एका गाण्यात तर बराच वेळ शब्दच नव्हते, नुसती वाट पाहणे होती. आता कोणीतरी दार उघडणार, आता उघडणार, असे वाटत राही आणि दार न उघडताच गाणे संपे. हे काय गाणे झाले, असे मी मनात म्हटले. पण दुसऱ्या दिवशी मी त्याच गाण्याची वाट पाहू लागले.

हळूहळू मला त्या गाण्यांतला काळोख ओळखीचा वाटू लागला. तो माळ्यावरचा नव्हता. जाग आल्यावरही मिटून घेतलेल्या डोळ्यांच्या आतला होता. त्यात भीती होती आणि लाज होती, आणि त्या गाण्यांना ते लपवायची घाई नव्हती. मला मात्र ऐकताना संकोच वाटे. दुसऱ्याचे रडणे चोरून ऐकल्यासारखा.

पहिल्या गाण्याला काही केल्या ठेका बसेना. ढोल्याने सगळे ड्रम वाजवून पाहिले, पण प्रत्येक आवाज फार टणटणीत वाटे. तेव्हा धाकट्याने कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलला, माझ्यासमोर उभा राहिला आणि मला मारले. तीन फटके, मग थोडे थांबणे, मग एक जोराचा.

मी ओळखले. बाकी कोणी ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"अरे, हे भारी आहे!" ढोल्या म्हणाला.

"अजून थोडा खोल आवाज हवा," बेसवाली म्हणाली. "दुसऱ्या बाजूनं बघू." आणि धाकटा "नको, नको" म्हणेपर्यंत तिने मला फिरवलेसुद्धा.

ती थांबली. तिने डागाकडे पाहिले, मग धाकट्याकडे. तो वाकून गिटारची वायर उगीचच सोडवत बसला होता. लाजेने मी गोठून गेले. तिने दांडा घेतला आणि मला एकदा ठोकून पाहिले. इतकी वर्षे भिजून, वाळून, झोडून घेऊन तिथला कापूस घट्ट बसला होता. त्यातून असा जड, खोल आवाज आला की तिघांनीही माना वर केल्या.

"ही बाजू जास्त चांगली वाजते," ती म्हणाली आणि तिने माईक जवळ ओढला. बस, एवढेच. त्याबद्दल ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही. ढोल्या साधाभोळा, त्याला ती गळक्या छताची ओल वाटली.

अल्बमचे नाव त्यांनी 'कठडा' ठेवले. फार लोकांनी ऐकला असे नाही, पण ज्यांनी ऐकला त्यांच्यात त्या ठेक्याची चर्चा झाली. हे कुठले वाद्य, असे कोणी कोणी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या त्या बाजूचे कौतुक होत होते आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

एका रविवारी दुपारी ताईच्या हट्टाने घरचे सगळे त्या खोलीत ऐकायला आले. बाबा आता थकले होते. त्यांनी बसण्याआधी खुर्ची रुमालाने पुसली. धाकट्याने त्यांच्याकडे न पाहता बटण दाबले.

ठेका सुरू झाला. तीन, मग थांबणे, मग एक.

आईने पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. बाबांचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो त्यांनी हळूच मांडीखाली घेतला.

"हे काय वाजतंय?" त्यांनी विचारले.

"काका, तुमचा विश्वास बसणार नाही!" ढोल्या उत्साहाने उठला. "ही गादी! आणि गंमत म्हणजे, ही बाजू!" त्याने मला गर्रकन फिरवले.

पुन्हा एकदा मी सगळ्यांसमोर उघडी पडले. या वेळी खिदळायला कोणी नव्हते, आणि ते जास्त जड गेले. धाकट्याने गाणे थांबवले. ताई म्हणाली, "बाबा, आपण निघूया का?" मला वाटले, बाबा आता एखादा विनोद करतील. अवघड वेळी करायचे त्यांचे ठरलेले विनोद होते. त्यांनी तोंड उघडलेही. मग मिटले.

"तेव्हा तू केवढा होतास?" त्यांनी विचारले.

"आठ. नऊ."

"आणि मी चाळिशीचा." ते डागाकडे पाहत होते. "मला वाटायचं, मी तुला लाज शिकवतोय. मला लाज वाटते रे."

"मलाही वाटायची, बाबा. रोज," धाकटा म्हणाला. आवाज कापला, पण त्याने वाक्य पुरे केले. जाऊ दे, झाले गेले, असे काही तो म्हणाला नाही, आणि त्याने ते म्हणावे असे मलाही वाटले नाही.

थोड्या वेळाने बाबांनी विचारले, "बाकीची गाणी पण माझ्यावरच आहेत का?"

"नाही. तुमच्यावर एकच."

बेसवालीला हसू फुटले, मग आईला. बाबांनाही जरासे, पण ते लगेच विरले. "मग लाव," ते म्हणाले.

त्यांनी सगळा अल्बम ऐकला, पुढे वाकून. दार न उघडणारे ते गाणे लागले तेव्हा ते खरोखर दाराकडे पाहत राहिले. सगळे संपल्यावर छान आहे वगैरे ते म्हणाले नाहीत. "पहिलं परत लाव," असे म्हणाले. या वेळी त्यांनी हात मांडीखाली घेतला नाही. ठेका संपेपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते आणि रुमाल तसाच गुडघ्यावर पडून होता.

मित्रांनो, माझी लाज गेली का, असे विचाराल तर नाही गेली. पण आता ती माझ्या एकटीची नाही, वाटली गेली आहे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. गाद्यांना ऊन दाखवा, पण माणसांना चारचौघांत वाळत घालू नका. घरातल्या एखाद्या लहानग्याचे अंथरूण ओले झाले तर चादर तुम्ही उचला, कोरडे कपडे त्याच्या हाताशी ठेवा आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोला. काय झाले ते त्याला सांगू नका. त्याला तुमच्या आधी कळलेले असते.