गादीतला खळगा

लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री फिरवून थोरली सून घरी आली, तेव्हा तिची गादी टेम्पोत चढत होती.

"अरे, जपून धरा! माझं लेकरू झोपायचं त्यावर," सासूबाई हमालांवर ओरडत होत्या.

लेकरू नुकतंच वारलं होतं. वय बेचाळीस. लेकराची बायकोही त्याच गादीवर झोपायची, हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. "एकटीला खोली काय करायचीय?" असं विचारून सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात फरशीवर आणलं होतं. गादी मात्र खोलीतच राहिली, आठवण म्हणून. आठवणीला खोली लागते, बाईला कोपरा पुरतो.

"प्रदर्शन आहे, वहिनी," धाकटा दीर म्हणाला. तो शिल्पकार होता. "दादाच्या वस्तूंचं. मृत्यू, शरीर, मागे उरलेलं... तुम्हाला नाही कळायचं."

"भाऊजी, माझी पाठ धरलीय हो. मागे उरलेली मीच आहे की."

"वा! हे कॅटलॉगमध्ये घेतो."

सुट्टीच्या दिवशी ती प्रदर्शनाला गेली. नवऱ्याचा चष्मा, चपला, अर्धवट झिजलेला साबण, सगळं काचेखाली. साबणासमोर एक गृहस्थ डोळे पुसत होते. मधोमध गादी. संसारभराच्या झोपेने तिच्यात दोन खळगे पडले होते, त्याचा ऐसपैस, हिचा अंग चोरलेला. आता एकच दिसत होता.

"भाऊजी, माझा खळगा?"

"कापूस भरून घेतला. दोन असले की एकटेपणा दिसत नाही ना."

तिने चपला काढल्या आणि आडवी झाली. तिची बाजू नव्या गादीसारखी टणक लागली, म्हणून ती कूस बदलून त्याच्या खळग्यात सरकली.

"ओ मावशी, उठा!" पहारेकरी धावला. "हात लावायचा नाही!"

"हात कुठे लावतेय, बाबा? पाठ टेकलीय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी चारचौघांत हंबरडा फोडला, "माझी सून गं!" दिराने वाकून नमस्कार केला. रडणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी स्वयंपाकघर होतं, काहींच्या स्वयंपाकघरात कुणीतरी झोपतही होतं. पण तिथे वरून उजेड सोडलेला नसतो.

दुसऱ्या दिवसापासून लाँड्री सुटली की तिने गादीवर येऊन पडायचं, असं ठरलं. बंद व्हायच्या वेळी पहारेकरी तिला उठवायचा. मग ती घरी जाऊन फरशीवर झोपायची.

शेवटच्या दिवशी एका श्रीमंत संग्राहकाने सगळंच विकत घेतलं. जाता जाता त्याने सहज विचारलं, "बाई पण यातच येते का?"

दिराने आईकडे पाहिलं.

"न्या की," सासूबाई म्हणाल्या. "इथे तरी तिला काय करायचंय?"

सगळे थोरल्या सुनेकडे वळले. ती नाही म्हणेल, निदान रडेल, म्हणून पहारेकऱ्याने मानसुद्धा खाली घातली.

"तिकडे रात्रीचं उठवत नाहीत ना?" तिने विचारलं.